रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी: पीसीआर पुरे, की सिक्वेन्सिंगही हवं?

जीवशास्त्रवाली:
माझं मत स्पष्ट आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. त्याला दाद न देणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या जंतूचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या डीएनएची अक्षरं वाचणं, झालंच पाहिजे. ट्रूनॅट किंवा जीनएक्स्पर्ट या पीसीआर चाचण्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून बघणाऱ्या, ठरावीक जागाच तपासतात. जीनएक्स्पर्ट, म्हणजेच एक्स्पर्ट, रिफाम्पिसिनच्या प्रतिरोधाशी संबंधित आरपीओबी जनुकातला 81 अक्षरांचा तुकडा बघतं, त्याबाहेरचा बदल निसटतो. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत हेच झालं. 491 क्रमांकाच्या जागेवरचा बदल एक्स्पर्टला दिसला नाही आणि प्रतिरोधी जंतू साधा टीबी म्हणून पसरत राहिला. आता अशा टीबीच्या उपचाराची मदार बेडाक्विलिन या औषधावर आहे, आणि त्याला प्रतिरोध देणारे बदल आरव्ही0678 या जनुकात कुठेही असू शकतात. तिथे ठरावीक जागा बघून काय कळणार?

तालुक्याचा_माणूस:
अजिबात पटलं नाही. कितीतरी ठिकाणी अजून थुंकी सूक्ष्मदर्शकाखालीच तपासतात. तिथे जंतू दिसायला मिलिलिटरमागे साधारण 10,000 तरी लागतात, एक्स्पर्टला शे-दीडशे पुरतात. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, टीबी आहे का ते तासाभरात सांगतं आणि दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिनचंही. पैसा आधी तिकडे जाऊ दे, चिप्सचा पुरवठा नीट होऊ दे. सिक्वेन्सिंगला नमुना शहरात जाणार, कल्चर वाढणार, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवणार, यात आठवडे जाणार. तोवर पेशंट घरात खोकतोय आणि शेजारी पोरं झोपलीत.

जीवशास्त्रवाली:
कल्चर लागतं ते पूर्ण जीनोमसाठी, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए वाचायला, कारण थुंकीत जंतूपेक्षा माणसाचाच डीएनए जास्त असतो. टार्गेटेड सिक्वेन्सिंगमध्ये हवी तेवढीच जनुकं थेट थुंकीतून पीसीआरने वाढवतात आणि वाचतात. डब्ल्यूएचओने 2024 मध्ये त्याची शिफारसही केली आहे.

लॅबवाला:
जंतू कमी असले की त्यातली काही जनुकं वाढतच नाहीत, रिपोर्ट अर्धवट येतो. शिवाय आरव्ही0678 मधल्या बऱ्याच बदलांचा अर्थ अजून ठरलेला नाही. तेवढ्यावरून डॉक्टरांनी औषध बदलायचं का? मला कल्चरवर औषध लावून बघणंच भरवशाचं वाटतं, उशीर झाला तरी.

जीवशास्त्रवाली:
तो उशीरच मला मान्य नाही. बीपालएम, म्हणजे बेडाक्विलिनसह चार औषधांचा उपचार, सहा महिन्यांचा. बेडाक्विलिन लागू पडत नाही हे उशिरा कळलं, तर तोवर जंतू सोबतच्या औषधांनाही सरावलेला असेल. आणि बदलांचे अर्थ ठरणार कसे? आपल्याकडच्या रुग्णांचे नमुने वाचले, त्यांच्या उपचारांचं काय झालं ते शेजारी मांडलं, तरच ना!

तालुक्याचा_माणूस:
वाचा ना, पण आमच्या चिप्सच्या पैशांतून नको.