मदत हवी आहे: नायट्रो ट्रकचा स्टार्टर नुसताच घरघरतो, इंजिन जागचं हलत नाही

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला घरातल्या गाड्यांबरोबर माझ्या नायट्रो ट्रकलाही (रिमोटवर चालणारा, मिथेनॉलच्या इंधनावरच्या खऱ्या छोट्या इंजिनाचा ट्रक) हार घातला आणि लेकाच्या हट्टापायी संध्याकाळी पार्किंगमध्ये चालू करायला घेतला. तेव्हापासून रडगाणं सुरू आहे.

गाडी १/१० मापाची, इंजिन २.५ सीसी, मित्र परदेशी गेला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. दोरी ओढायचा प्रकार नाही. इंजिनाच्या मागे छोटी मोटार आणि गिअरबॉक्स आहे, हातातल्या हँडलची वायर जोडून बटण दाबायचं. हँडलमध्ये ७.२ व्होल्टची बॅटरी, तीच ग्लो प्लगही (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) तापवते. पावसाळाभर ट्रक गॅलरीतल्या कपाटात होता. टाकी रिकामी केली होती, पण ठेवताना इंजिनात आफ्टर-रन ऑइल (गंज रोखणारं तेल) सोडायचं असतं ते सोडलं नाही. कंटाळा केला, कबूल.

पहिल्या दिवशी इंजिन दोन-चारदा फिरलं, पण पेटलं नाही. मला वाटलं इंधन पोचत नाहीये, म्हणून टाकीवरचं प्राइमरचं, म्हणजे इंधन इंजिनाकडे ढकलणारं, रबरी बटण दाबलं. मग परत दाबलं. मग लेकानेही दाबलं. त्यानंतर स्टार्टर 'ग्ग' करून अडकायला लागला. मीही हट्टाला पेटलो आणि बटण दाबून धरलं.

दुसऱ्या दिवसापासून आवाजच बदललाय. आता मोटार मजेत फिरते, पण फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) ढिम्म. मध्येच पाव फेरा पकडते, 'कर्र' होतं आणि परत सुटते.

आतापर्यंत केलेलं: बॅटरी पूर्ण चार्ज. ग्लो प्लग नवा, बाहेर काढून तापवला तर तार छान नारिंगी होते. फ्लायव्हील बोटाने फिरतं, पण एका जागी चांगलंच घट्ट लागतं. इंजिन जाम झालंय का? की मोटार जळली? अख्खा स्टार्टर सेट मागवायचा तर किंमत बघून घरात बोलायची सोय नाही.

प्रतिसाद १

अहो, जळलेली मोटार इतकी मजेत फिरत नाही. पैसे खिशात ठेवा.

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिलाय. 'ग्ग' करून अडकणं म्हणजे मोटारीला भार झेपत नव्हता. हवा दाबली जाते, पातळ इंधन दाबलं जात नाही. तुम्ही दोघांनी मिळून सिलिंडरमध्ये एवढं इंधन भरलंत की पिस्टनला वर जायला जागाच उरली नाही. अशा वेळी जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तुमचं नशीब की त्याआधी वन-वे बेअरिंगने हार मानली.

मोटार मोकळी फिरते आणि इंजिन फिरत नाही, याचा अर्थ मोटार आणि क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) मधली पकड गेली. ती पकड म्हणजे बॅकप्लेटमधून (इंजिनाच्या मागच्या झाकणातून) येणाऱ्या शाफ्टवरचं वन-वे बेअरिंग. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं काम असतं त्याचं: एका दिशेला पकडतं, इंजिन चालू झालं की सोडतं.

आधी ग्लो प्लग काढा, गाडी उलटी धरा, फ्लायव्हील हाताने फिरवून इंधन बाहेर सांडू द्या. मग प्लग न लावता स्टार्टर द्या, प्लगच्या भोकावर जाड फडकं धरून. तेव्हा इंजिन गरागरा फिरलं तर बेअरिंगमध्ये अजून थोडा जीव आहे. तेव्हाही सरकलं तर बेअरिंग उघडून बघा. आणि प्लग तापवणारी वायर त्या वेळी लांब ठेवा. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही, हात भाजल्यावर कळतं.

प्रतिसाद २

फ्लायव्हील एका जागी घट्ट लागतं ते पिस्टन अगदी वर असताना ना? मग घाबरू नका, ते तसंच असायला हवं. या इंजिनांना पिस्टन रिंग नसते. स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, ती तापली की फुगते आणि फट बरोबर होते. थंड इंजिन वर घट्ट लागणं ही उलट चांगली खूण, म्हणजे कॉम्प्रेशन शिल्लक आहे. थंडीत मी हेड (इंजिनाचा वरचा भाग) हेअर ड्रायरने तापवून घेतो, स्टार्टरवर निम्मा भार येतो. (ड्रायर बायकोचा आहे आणि तिला माहीत नाही.)

गाडी ठेवताना पिस्टन खाली आणून ठेवत जा. वर अडकवून महिनोन् महिने ठेवू नये.

प्रतिसाद ३

बेअरिंग सरकत असेल तर शाफ्टवर पॉलिश पेपर मारा, थोडा खरखरीत झाला की पकडतो. माझं दोन महिने चाललं.

प्रतिसाद ४

दोन महिनेच चाललं, हेच तर सांगतो. आतले रोलर गुळगुळीत, कडक शाफ्टवर पकडण्यासाठी बनवलेले असतात. शाफ्ट खरवडला की रोलर खातो, मग शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही घ्यावं लागतं. धागाकर्ते, आधी स्वच्छ करून बघा. इंधनातलं एरंडेल तेल महिनोन् महिने पडून राहिलं की चिकट होतं, त्यात धूळ मिसळली की रोलर आपल्या जागेवरून हलतच नाहीत. पेट्रोलमध्ये भिजवा, वाळवा, पातळ मशीन तेलाचा एकच थेंब. ग्रीस अजिबात नको.

धागाकर्ता

रविवारी दुपारी उघडलं. आधी प्लग काढून गाडी उलटी केली तर निळं इंधन भळाभळा सांडलं, वर्तमानपत्राचं पान भिजलं. मग स्टार्टर दिला, तरी सरकतच होता.

बॅकप्लेटचे चार स्क्रू काढले. बेअरिंगच्या तोंडाशी गुळाच्या काकवीसारखा चॉकलेटी राप. शाफ्ट बोटांत धरून पिळला तर दोन्ही दिशांना फिरत होता. पेट्रोलमध्ये तासभर बुडवला, जुन्या टूथब्रशने घासला, वाळवला. आता एका दिशेला फिरतो, दुसरीकडे टक्कन अडतो! तसाच बसवला, हेड तापवलं, प्राइमरला लेकाला हात लावू दिला नाही. चौथ्या प्रयत्नाला इंजिन बोललं. दोन मिनिटं धूर काढत चाललं.

पण पूर्ण आनंद नाही. सोमवारी थंड इंजिनवर दहापैकी तीनदा परत सरकलं. शाफ्टवर नखाला लागेल अशी बारीक कड पडली आहे. व्हर्नियरने मापं घेतली: शाफ्ट ६ मिमी, बेअरिंगचा बाहेरचा व्यास १०, लांबी १२. हे गाडीच्या कंपनीकडूनच मागवावं लागेल का?

प्रतिसाद ४

मुळीच नाही. ६-१०-१२ हे ठरलेलं माप आहे, एचएफ ०६१२ म्हणून मागा. एमआयडीसीजवळच्या बेअरिंगच्या दुकानात जा, खेळण्याच्या दुकानात नको. मात्र शाफ्टला कड पडलीय म्हणजे शाफ्टही बदला, नाहीतर नवं बेअरिंगही तिथेच सरकेल. तो बहुधा गाडीच्या सुट्या भागांतच मिळेल.

बसवताना हातोडी नको. व्हाइसमध्ये धरून, बेअरिंगच्या कडेवर बरोबर बसेल असा सॉकेट लावून हळू दाबा. आणि जुनं काढायच्या आधी कुठल्या दिशेला पकडतं त्याचा बाण मार्करने काढून ठेवा. मी एकदा उलटं बसवलं होतं. मोटार फिरत होती, इंजिन ढिम्म, आणि मी अख्खी संध्याकाळ बॅटरीला शिव्या देत बसलो.

धागाकर्ता

बाण काढला. शनिवारी सातपूरच्या एमआयडीसीत जातोय. शाफ्ट मागवलाय, तो येईपर्यंत ट्रक शोकेसमध्ये, पिस्टन खाली.