मदत हवी आहे: वॉरफरिन चालू असताना दोन दाढा काढायच्या आहेत

पेशंटला हृदयात धातूचा माइट्रल व्हॉल्व्ह (कृत्रिम झडप) आहे, वॉरफरिन आणि ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दोन्ही चालू. चार दिवसांपूर्वीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ३.२, म्हणजे दाढ काढायला चालणाऱ्या ४ च्या आत. पण त्यानंतर दुसरीकडून मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सुरू झालंय, आणि त्याने आयएनआर चांगलाच चढतो. त्यामुळे जुना आकडा धरणार नाही, काढण्याआधी २४ तासांच्या आतला नवा घेणार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे पक्कं. व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर सॉकेटमधलं (दाढेच्या खड्ड्यातलं) रक्त परवडलं!

बेत: सकाळची वेळ, एका बैठकीत एकच दाढ, जमल्यास ब्लॉक (मुख्य नसेजवळ खोल भूल) टाळून इन्फिल्ट्रेशन (दाढेजवळच भूल), ग्रॅन्युलेशन टिश्यू (खड्ड्यातला सुजरा मऊ भाग) पूर्ण खरवडायचा (तो राहिला की झिरपत राहतं), टाके, गॉजवर २० ते ३० मिनिटं दाब. वेदनेला फक्त पॅरासिटामॉल.

अडलंय इथे: अक्कलदाढेची मुळं जबड्यातल्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या कॅनॉलला (नळीला) टेकलेली दिसतात. रक्त थांबवायला खड्ड्यात भरतात तो ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज आम्लधर्मी, नसेला लागला तर बधिरपणाची भीती. तिथे जिलेटिन स्पंज पुरेल का?

ट्रॅनेक्झॅमिकचा (रक्तस्राव थांबवणारं औषध) तयार माउथवॉश मिळत नाही. ५०० मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात कुटली की ५ टक्के होतं, पण गाळ खाली बसतो. त्यात गॉज भिजवून दाबला तर चालतं का?