'औष्णिक विद्युत' नको, मग काय?

थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांवर, म्हणजे उष्णतेतून थेट वीज देणाऱ्या पदार्थांवर, मराठीत लेख लिहितोय. 'औष्णिक विद्युत पदार्थ' असं लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, "म्हणजे कोळसा का?" चूक त्याची नाही. औष्णिक वीज म्हटलं की धुराडंच डोळ्यांपुढे येतं. दुसरी अडचण अशी, की या पदार्थांतून उष्णता फार कमी वाहते. त्यांना 'उष्णतारोधक' म्हणावं, 'दुर्वाहक' म्हणावं, की आणखी काही?

—

'उष्माविद्युत' घ्या. 'तापविद्युत' नको, ताप म्हटलं की आपण आधी कपाळाला हात लावतो. तसा नावाचा घोळ जन्मापासूनचाच आहे. १८२१ मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाने दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक तापवला आणि जवळची चुंबकसूची हलली. तो याला चुंबकत्वच समजत राहिला. हा विजेचा खेळ आहे हे ओळखून आजचं नाव दिलं ते ओर्स्टेड या दुसऱ्या शास्त्रज्ञाने.

—

'दुर्वाहक'बद्दल. शाळेत सुवाहक-दुर्वाहक ही जोडी आपण उष्णता आणि वीज दोन्हींना एका दमात लावतो. धातूंपुरतं ते खपतं, कारण तिथे मोकळे इलेक्ट्रॉनच दोन्ही वाहून नेतात (व्हीडमन आणि फ्रान्ट्स यांचा १८५३चा नियम हेच सांगतो). इथे मात्र वीज वाहायला हवी आणि उष्णता अडायला हवी. एक टोक गरम आणि दुसरं थंड राहिलं तरच वीज मिळते. उष्णता झरकन पलीकडे गेली की फरक मिटला, खेळ खलास. नुसतं 'दुर्वाहक' म्हटलं तर लाकूडही त्यात बसेल. हिरा याच्या बरोबर उलट : उष्णता नेण्यात तांब्याच्या कितीतरी पुढे, विजेला मात्र दार बंद. तेव्हा शब्द कोणताही घ्या, 'कशाचा' ते आधी लावा.

'उष्णतारोधक' मला खटकतो. रोधक म्हणजे अडवणं हेच ज्याचं काम. मी 'अत्यल्प उष्णतावाहकता' लिहीन. 'नीचतम' कुठेतरी वाचलं होतं. बिचाऱ्या पदार्थाने काय पाप केलंय!

—

अत्यल्प म्हणजे किती?

—

दर मीटर-केल्व्हिनला वॅटमध्ये सांगायचं तर तांबं सुमारे ४००, खिडकीची काच १, नेहमी वापरात असलेलं बिस्मथ टेल्युराइड दीडच्या आसपास. २०१४ मध्ये कथील सेलेनाइडचा एकसंध स्फटिक मोजला, तेव्हा चांगलं तापल्यावर आकडा आला जेमतेम पाव! उष्णतेची वीज करण्यात पदार्थ किती तरबेज ते सांगणारा त्याचा गुणांक (झेडटी) एका अक्षाच्या दिशेने ९२३ केल्व्हिनला २.६ भरला. पुष्कळांचा विश्वास बसेना, कारण बारीक कणांच्या नमुन्यांत वाहकता जास्तच यायची. कणांवर चढलेला कथिलाच्या ऑक्साइडचा थर उष्णता पळवत होता. तो काढून टाकल्यावर २०२१ मध्ये तशाच नमुन्यांचा झेडटी ३.१ वर गेला.

—

फोनॉनला कुणी 'कंपनकण' सुचवण्याआधी सांगतो : फोनॉनच राहू द्या. फोनॉन म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतली कंपनं. ती उष्णता वाहून नेतात, ती अडवायची. पण इथेच घोडं पेंड खातं. वाटेत अडथळे पेरले की सुक्याबरोबर ओलंही जळतं, इलेक्ट्रॉनही अडखळतात. ग्लेन स्लॅक यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना मराठीत छान बसते : फोनॉनला काच, इलेक्ट्रॉनला स्फटिक. म्हणजे पदार्थाने कंपनांना काचेसारखं अडवावं आणि इलेक्ट्रॉनना स्फटिकासारखी वाट द्यावी.

स्कटरुडाइट नावाच्या खनिजवर्गात हे दिसतं. त्याच्या रचनेत पिंजरे असतात, त्यांत जड अणू सैल बसवतात. ते जागच्या जागी हलत राहतात आणि कंपनांची वाट बिघडवतात. इंग्रजीत त्यांना रॅटलर म्हणतात. 'आंदोलक अणू' वगैरे नको, आपल्याकडे खुळखुळा आहे की!

—

खुळखुळा घेतला! शीर्षकात 'उष्माविद्युत' आणि पहिल्या ओळीत एकदाच 'थर्मोइलेक्ट्रिक'. पण 'उष्मा'तला उ ह्रस्व की दीर्घ?

—

'उष्मांक' कसा लिहिता? तसाच.