हीट पंपावरचे टॅक्स क्रेडिट बंद झाले. त्यात नेमके कोणाचे बिघडले?

उंबरठा (मॅसॅच्युसेट्स), धागाकर्ता

अमेरिकेतील घरमालकांना हीट पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र), इन्सुलेशन (उष्णता अडवणारे अस्तर), खिडक्या-दारे यांवर मिळणारे केंद्रीय टॅक्स क्रेडिट, म्हणजे देय करातून थेट वजा होणारी रक्कम (करकायद्याचे कलम २५-सी), ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपले. ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने त्याची मुदत २०३२ अखेरपर्यंत ठेवली होती. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ते सात वर्षे आधीच गुंडाळले. आमच्या परिचयातील मराठी मंडळी त्याबद्दल हळहळत आहेत. मला मात्र वाटते की हे क्रेडिट ज्या स्वरूपात होते, त्या स्वरूपात ते गेले हे फारसे वाईट झाले नाही.

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे ते आधीच सांगतो. मी स्वतः हा लाभ घेतलेला आहे. आमच्या १९५० च्या दशकातील घरात ऊब देण्यासाठी तेलाचा बॉयलर होता. २०२४ मध्ये तो काढून संपूर्ण घरासाठी हीट पंप बसवला आणि २४,००० डॉलर खर्च आला. त्यातील १०,००० डॉलर राज्यातील मास सेव्ह योजनेतून परत मिळाले. उरलेल्या १४,००० चे ३० टक्के ४,२०० होतात. पण हीट पंपासाठी वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा असल्यामुळे करातून तेवढेच वजा झाले. प्रामाणिकपणे सांगायचे तर ते २,००० मिळाले नसते तरी मी हीट पंप घेतलाच असता. कंत्राटदाराशी करार करताना मला या क्रेडिटची आठवणही नव्हती; ती एप्रिलमध्ये, हे क्रेडिट मागण्याचा फॉर्म ५६९५ भरताना झाली.

आमच्या शेजारच्या आजी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, पैशांवर राहतात. त्यांना केंद्रीय करच लागत नाही, त्यामुळे करातून वजा करण्यासारखेही काही नाही. त्यांच्या माळ्यावर इन्सुलेशन जवळजवळ नाही आणि बर्फ पडल्यावर गल्लीत सर्वांत आधी त्यांचे छप्पर कोरडे होते, कारण घरातील ऊब तिथूनच बाहेर जाते. ज्याच्या घरात उष्णता टिकते त्याला यंत्रासाठी पैसे मिळावेत आणि जिच्या घरातून ती निसटते तिला काहीच मिळू नये, ही कोणती ऊर्जाबचत?

हिशेबनीस (न्यू जर्सी)

दरवर्षी ओळखीच्या काही कुटुंबांची करपत्रके भरून देतो, म्हणून थोडी भर घालतो. हे क्रेडिट परताव्याच्या स्वरूपाचे नव्हते, म्हणजे देय करापेक्षा अधिक रक्कम हाती येत नसे. शिवाय न वापरलेला भाग पुढील वर्षी नेता येत नसे. याउलट वार्षिक मर्यादा दर जानेवारीत नव्याने सुरू होत असे. त्यामुळे या वर्षी हीट पंप, पुढच्या वर्षी खिडक्या, त्यानंतर दारे असे टप्पे पाडणाऱ्याला दरवर्षी नव्याने, सर्व कामे मिळून ३,२०० डॉलरच्या मर्यादेत, लाभ घेता येई. असे टप्पे कोण पाडू शकतो? ज्याच्याकडे पैसे आहेत आणि माझ्यासारखा कोणी सल्ला द्यायला आहे, तो.

२०२३ च्या करवर्षात सुमारे २३ लाख कुटुंबांनी या कलमाखाली दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेवर दावा केला. सरासरी काढली तर कुटुंबामागे हजार डॉलरही भरत नाहीत. वीस-पंचवीस हजारांच्या कामात एवढ्या रकमेने निर्णय फिरतो, यावर माझा विश्वास नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकस डेव्हिस यांनी २००६ पासूनच्या अशा क्रेडिटांचा अभ्यास केला होता. उत्पन्नानुसार कुटुंबांचे पाच समान हिस्से केले, तर सर्वांत वरच्या हिश्श्याला सुमारे ६० टक्के रक्कम मिळाली आणि खालच्या तीन हिश्श्यांना मिळून जेमतेम १० टक्के, असे त्यात दिसले.

ध्रुवतारा (मेन)

धागाकर्ते आणि हिशेबनीस या दोघांशीही माझा पूर्ण मतभेद आहे.

डेव्हिस यांचा दाखला अर्धाच दिला गेला आहे. हीट पंप कोण घेते याचाही त्यांनीच पुढे अभ्यास केला. सौर पॅनेल आणि विजेच्या गाड्या श्रीमंतांकडे एकवटलेल्या दिसतात. हीट पंप मात्र अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक उत्पन्नगटात साधारण १५ टक्के घरांत आहे, आणि तो घेतला जाणे उत्पन्नापेक्षा हवामान व विजेच्या दरावर अधिक अवलंबून आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे क्रेडिटची रचना चुकीची होती असे म्हणता येईल, पण वस्तूच श्रीमंतांची आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरे असे की, आपण दोघेही ग्राहकाकडे पाहत आहात आणि कंत्राटदाराकडे पाहायचे विसरत आहात. घर तापवणारी भट्टी आरामात विचार करून बदलली जात नाही. ती जानेवारीच्या एखाद्या रात्री बंद पडते, पाइप गोठण्याची भीती असते आणि दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. त्या वेळी येणारा माणूस जे बसवायला शिकलेला आहे आणि जे त्याच्या गोदामात आहे, तेच आपल्या घरात बसते. दहा वर्षे टिकणारे अनुदान त्या माणसाला सांगते की हे काम शिकून घे, दोन पोरे हाताखाली ठेव, माल भरून ठेव. आमच्या मेन राज्यात निम्म्याच्या आसपास घरे अजून तेलावर तापतात. २०१९ मध्ये राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि ते दोन वर्षे आधीच, २०२३ मध्ये, गाठले. राज्याची सवलत मागे होती, सातत्य होते, आणि आज कोणत्याही लहान गावात हे यंत्र बसवणारा सापडतो. उंबरठा यांना २०२४ मध्ये जो अनुभवी कंत्राटदार मिळाला, तो कोणाच्या पैशांनी तयार झाला, याचा त्यांनी जरूर विचार करावा.

शेगडी (मिनेसोटा)

यंत्राच्या किमतीवर एवढी चर्चा झाली. रोजच्या बिलाचे कोणी बोलतच नाही. मॅसॅच्युसेट्सचा दर धरून हिशेब मांडतो, कारण धागा तिथला आहे. एक थर्म (गॅसच्या बिलाचे माप) गॅस ९५ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, जाळला की विजेच्या मापात सुमारे २८ युनिट उष्णता घरात येते. हिवाळ्याच्या सरासरीने हीट पंप विजेच्या एका युनिटमागे २.७ युनिट उष्णता देतो असे धरले, तर त्यासाठी दहाहून थोडी अधिक युनिटे वीज लागते. ३० सेंट दराने ते तीन डॉलरच्या वर गेले. गॅसचा थर्म त्याहून स्वस्त असेल, आणि बहुधा तो असतोच, तर सरकारने यंत्र फुकट दिले तरी गॅसवाल्याचे बिल वाढणार. आमच्याकडे उणे २५ अंशांत ते २.७ देखील स्वप्नच आहे.

तेलाचे गणित वेगळे आहे, हे मान्य. ८५ टक्क्यांच्या बॉयलरमधील एका गॅलनएवढ्या उष्णतेला सुमारे १३ युनिटे लागतात, म्हणजे तेलाचा गॅलन ३ डॉलर ८० सेंटच्या आसपास असला की बरोबरी होते. पण मग तेलाच्या घरांनाच पैसे द्या. गॅसवाल्यांना मोहात कशाला पाडता?

टेम्सकाठ (लंडन)

इथला एक अनुभव नोंदवतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये ग्रीन होम्स ग्रँट नावाची दीड अब्ज पौंडांची योजना सुरू झाली. सहा लाख घरांचे उद्दिष्ट होते. कंत्राटदारांच्या नोंदणीची प्रक्रिया इतकी किचकट होती आणि मुदत इतकी तुटपुंजी, की ३१ मार्च २०२१ रोजी अर्ज बंद झाले आणि अखेरीस सुमारे ४७,५०० घरांपर्यंतच मजल जाईल, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. ज्यांनी माणसे नेमली होती त्यांना ती कमी करावी लागली. अनुदान देणे आणि सात महिन्यांत काढून घेणे हे मुळात न देण्यापेक्षाही अधिक घातक असते, कारण पुढच्या योजनेवर कोणी भरवसा ठेवत नाही. म्हणून ध्रुवतारा यांचे म्हणणे मला पटते.

बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्यांसाठीच्या सध्याच्या बॉयलर अपग्रेड स्कीममध्ये ७,५०० पौंड कंत्राटदारच बिलातून वजा करून देतो. ग्राहकाचे उत्पन्न किंवा त्याचा कर यांचा संबंध येत नाही. उंबरठा यांच्या शेजारच्या आजींना इथे निदान दारातून परत जावे लागले नसते. मात्र माळ्याचे आणि भिंतींचे इन्सुलेशन आधी पूर्ण असावे ही अट मे २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. गळक्या बादलीसाठी मोठा नळ बसवण्यासारखे ते आहे.

उंबरठा

सर्वांचे आभार. कंत्राटदाराविषयीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, हे मान्य करतो. तरीही माझे मत अंशतःच बदलले आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये संपूर्ण घराची सवलत हवी असेल तर आधी फटी बुजवणे आणि इन्सुलेशन झालेले असावे लागते. आमच्याकडे तपासनीस आला, पंख्याने घरातील हवा खेचून गळती मोजली, आणि ते काम झाल्यावर कंत्राटदाराने आधी सुचवलेल्यापेक्षा लहान यंत्र पुरले. केंद्रीय क्रेडिटला अशी कोणतीही पायरी नव्हती. उघड्या माळ्याच्या घरात अवाढव्य यंत्र बसवणाऱ्यालाही तेच २,००० मिळत होते.

आणि ज्याला आपण सरकारी सवलत म्हणतो, ती मास सेव्हची सवलत सरकारी तिजोरीतून येतच नाही. ती वीज आणि गॅसच्या प्रत्येक बिलावरील आकारातून येते. २०२५ च्या हिवाळ्यात बिले भडकली तेव्हा लोक याच आकारावर चिडले आणि राज्याच्या नियामकाने तीन वर्षांच्या आराखड्यातून ५० कोटी डॉलर कापले. शेजारच्या आजी तो आकार दरमहा भरतात. माझ्या १०,००० मध्ये त्यांचेही पैसे आहेत, ही गोष्ट मला बोचते.

हिशेबनीस

बोचत असेल तर एक काम करा. अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी मास सेव्हचाच वेगळा विभाग आहे, त्यात इन्सुलेशनचे काम विनामूल्य होते. त्याशिवाय १९७६ पासून चालू असलेला केंद्रीय वेदरायझेशन (घराच्या फटी बुजवून इन्सुलेशन करून देण्याचा) कार्यक्रम आहे. दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो लागू पडतो. २५-सी त्यांच्यासाठी नव्हते हे खरे, पण त्यांच्यासाठी काहीच नव्हते हे खरे नाही.

ध्रुवतारा

हिशेबनीसांनी माझे काम सोपे केले. गरिबांसाठी वेगळी योजना आहे, म्हणजे मध्यमवर्गाचे क्रेडिट बंद केल्याने त्यांच्याकडे एक डॉलरही अधिक वळलेला नाही. २५-सी मधून वाचलेली रक्कम माळ्यांच्या इन्सुलेशनसाठी दिली असती तर मी उंबरठा यांच्या बाजूने पहिली सही केली असती. तसे झालेले नाही. रचना सदोष होती म्हणून ती सुधारायची, की सदोष आहे या सबबीखाली मोडायची, यात फरक आहे. आपण पहिल्याचा युक्तिवाद करून दुसऱ्याचे समर्थन करत आहात.

शेगडी यांना एवढेच सांगतो की दर हा निसर्गनियम नाही. नोव्हेंबर २०२५ पासून मॅसॅच्युसेट्सच्या मोठ्या वीज कंपन्यांनी हीट पंप असलेल्या घरांना हिवाळ्यापुरता कमी वहन आकार लावणे सुरू केले आहे. युनिट २४ सेंटला पडले, तर तुमच्याच हिशेबातील ३ डॉलर ८० सेंट तीनच्या आसपास येतात. तेलाच्या घरांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. गॅसच्या घरांचा निघत नाही, हेही मान्य.

उंबरठा

"युक्तिवाद पहिल्याचा आणि समर्थन दुसऱ्याचे" हा आरोप मी स्वीकारतो. शीर्षक आज लिहिले असते तर वेगळे लिहिले असते. यंत्राच्या आधी घर, हे मात्र सोडत नाही.

काल संध्याकाळी शेजारी जाऊन आलो. आजींना त्या विनामूल्य विभागाची माहितीच नव्हती. त्याचे पत्र दोनदा आले होते, पण जाहिरात समजून त्यांनी ते टाकून दिले. अर्जाला उत्पन्नाचा पुरावा लागतो. तो कागद शोधण्यासाठी शनिवारी त्यांच्याकडे बसणार आहे. हिशेबनीस, फोन केला तर उचला.

शेगडी

त्यांच्याकडे तेल आहे की गॅस, ते आधी विचारा.

उंबरठा

तेल. टाकी तळघरात आहे, आणि बॉयलर माझ्या जुन्या बॉयलरपेक्षाही जुना आहे.