तिरफळ: झाडाची खूण, वाळवण आणि कडू झालेलं तिखलं

रानमेवा_०७:
सिंधुदुर्गातल्या रानात काटेरी खोडाचं झाड आहे, हिरव्या फळांचे घोस लागलेत. माशाच्या कालवणात मसाला म्हणून घालतात ते तिरफळच, हे कसं ओळखायचं? वाळवायचं कसं? शिवाय विकतच्या सुक्या तिरफळांनी बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) कडू झालं. ४ बांगड्यांना १५ घातली, वाटणातच.

आकडी:
नुसत्या काट्यांवर जाऊ नका, सावरीच्या खोडालाही तसलेच शंकूसारखे काटे असतात. पान बघा. सावरीची पाच-सात पानं एकाच जागेहून फुटतात, पंजासारखी. तिरफळाची कडुनिंबासारखी, देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीने. मग फळाची साल नखाने खरवडा, लिंबाच्या सालीसारखा वास यायला हवा. पान आणि वास जुळल्याशिवाय जिभेला लावू नका. खरं तिरफळ असेल तर लगेच झिणझिण्या येतात.

फळ भरलेलं पण न उकललेलं काढायचं. फांद्यांनाही काटे असतात, तेव्हा चढण्यापेक्षा आकडीने घोस ओढा. कडक उन्हात एका थरात पसरा. तीन-चार दिवसांत साल उकलते आणि आतली काळी चकचकीत बी दिसते. चोळून सुपात पाखडा. बी टाकायचीच, चव सालीत असते. ढगाळ हवेत ढीग करून ठेवलंत तर बुरशी धरलीच समजा.

सोलकढी:
कडूपणा वाटल्यामुळे आलाय. त्यात बी राहिली असेल तर कचकचही लागते. ४ मध्यम बांगड्यांना ७-८ टरफलं पुष्कळ झाली. कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून खलबत्त्यात एक-दोन ठोके द्या. फुटली की पुरे, पूड नको. ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद, चिंच यांचं वाटण उकळलं की तिरफळं भिजवलेल्या पाण्यासकट सोडा, मागून मासे. ६-७ मिनिटं मंद आच. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल. फोडणी नाही. आलं-लसूण घालणार असाल तर तिरफळ डब्यातच राहू द्या, वास दबून जातो. टरफलं खायची नसतात, ताटात बाजूला काढायची.

आकडी:
+१. ओली फळं मिठाच्या पाण्यात बरणीत टिकतात. वापरताना मीठ बेतानं घाला.

रानमेवा_०७:
कडू झालेलं वाचवता येईल?

सोलकढी:
वाटलेलं गाळून निघत नाही. नारळाचं घट्ट दूध घालून थोडं सौम्य होईल, पूर्ण नाही.