‘क्लिनिकल ट्रायल’, ‘स्टिअरिंग कमिटी’ आणि ‘पेशंट ॲडव्होकेट’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या खर्चाने चालणाऱ्या देशव्यापी चाचण्या कशा ठरतात, यावर मी मराठीत एक माहितीलेख लिहीत आहे. तेथे कर्करोगाच्या प्रमुख प्रकारांसाठी स्वतंत्र ‘स्टिअरिंग कमिट्या’ आहेत, त्यांच्या हाताखाली ‘टास्क फोर्स’ असतात आणि या समित्यांवर तज्ज्ञांच्या बरोबरीने ‘पेशंट ॲडव्होकेट’ही बसतात. हिंदीतला ‘नैदानिक परीक्षण’ हा शब्द उचलावा, की इंग्रजी शब्द तसेच ठेवावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘नैदानिक’ कृपया घेऊ नये. मराठीत ‘निदान’ म्हणजे रोग ओळखणे, त्यामुळे ‘नैदानिक चाचणी’ असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी येते. ‘क्लिनिकल’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला रुग्णशय्येचा अर्थ आहे, आणि तो ‘चिकित्सालयीन’ या जडजंबाल शब्दात उरत नाही, कारण तेथे रुग्णाच्या जागी इमारत येते. मी ‘उपचार-चाचणी’ असे लिहितो. चाचणी उपचाराची होते, माणसाची नव्हे, हे त्या शब्दातच सांगितले जाते.

याच कारणासाठी मला या नामापेक्षा ‘रुग्ण’ या शब्दाला जोडून येणारे शब्दयोगी अव्यय अधिक महत्त्वाचे वाटते. आपली वर्तमानपत्रे ‘रुग्णांवर चाचणी’ असे सर्रास छापतात. ‘वर’ आले की माणूस खाली गेला, आणि मग ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न ओघानेच येतो. ‘रुग्णांच्या सहभागाने’ असे लिहायला एक शब्द जास्त लागतो, पण ज्या व्यवस्थेबद्दल आपण लिहीत आहात तिचे वर्णन तेवढ्यानेच खरे होते, कारण तेथे रुग्ण केवळ चाचणीत नसतो, ती आखली जात असताना टेबलाशीही असतो.

‘स्टिअरिंग कमिटी’ला ‘सुकाणू समिती’ हा रुळलेला शब्द आहे, तोच ठेवावा. ‘टास्क फोर्स’साठी ‘कार्यगट’ पुरेसा आहे. ‘कृती दल’ म्हटले की पोलीस आठवतात. मात्र ही समिती सुकाणू कोणत्या टप्प्यावर धरते, हे लेखात स्पष्ट यावे. २०१० साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या चाचण्या चालवणाऱ्या जुन्या सहकारी संशोधनगटांच्या व्यवस्थेत मोठे फेरबदल सुचवले आणि २०१४ साली त्या गटांची नव्याने बांधणी होऊन राष्ट्रीय चाचणी-जाळे उभे राहिले. (‘एनआरजी’ या गटाच्या नावातली तीन अक्षरे ही त्यात विलीन झालेल्या तीन जुन्या गटांची आद्याक्षरे आहेत, हे शब्दप्रेमींना आवडेल.) या जाळ्यातला एखादा गट मोठ्या चाचणीची कल्पना मांडतो, तेव्हा सविस्तर प्रोटोकॉल (चाचणीचा संपूर्ण लेखी आराखडा) तयार होण्याआधीच ती सुकाणू समितीपुढे येते. विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे का, हीच चाचणी आधी का घ्यावी आणि ती पार पडेल का, हे कर्करोगतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, मोठ्या संशोधन-रुग्णालयांबाहेर उपचार करणारे डॉक्टर आणि रुग्णांच्या बाजूचे सदस्य मिळून पाहतात. या कागदाला इंग्रजीत ‘कॉन्सेप्ट’ म्हणतात, पण मराठीतली ‘संकल्पना’ फार अमूर्त आहे. ‘प्राथमिक प्रस्ताव’ म्हणावे.

चाचणी नैतिक दृष्टीने तपासणाऱ्या आपल्याकडच्या नैतिकता समितीशी याची गल्लत होऊ नये. २०१९ च्या नियमांनुसार भारतातल्या नैतिकता समितीवरही एक सामान्य नागरिक असावा लागतो, परंतु त्याच्यासमोर प्रोटोकॉल तयार होऊन येतो.

आता एक शब्द आपण विचारलेला नाही, तरीही सांगतो. चाचणीत रुग्ण नोंदवले जातात त्याला अनुवादक ‘भरती’ म्हणतात. मी संमतिपत्रांचे अनुवाद तपासतो. एका रुग्णालयात एक आजी कापडी पिशवीत दोन लुगडी, ताट आणि तांब्या घेऊन आल्या होत्या, कारण पत्रात ‘आपली चाचणीत भरती करण्यात येईल’ असे छापले होते. आपल्याकडे ‘भरती’ म्हणजे दवाखान्यात दाखल होणे. त्यांना फक्त सही करून घरी जायचे होते. मुलाने त्या दिवसाचा रोज बुडवला होता. तेव्हापासून मी तो शब्द दिसेल तेथे खोडून ‘नावनोंदणी’ लिहितो.

‘एन्डपॉइंट’चा, म्हणजे उपचाराचा परिणाम ज्यावरून ठरवतात त्या मोजमापाचा, ‘अंत्यबिंदू’ही तसाच, कर्करोगाच्या रुग्णाने तो शब्द वाचावा, ही कल्पनाच मला सहन होत नाही. ‘मुख्य मोजमाप’ म्हणावे.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘पेशंट ॲडव्होकेट’साठी ‘रुग्णमित्र’ चालेल का?

प्रतिसाद

महाराष्ट्रात रुग्णमित्र म्हणजे खाट मिळवून देणारा, योजनेचे कागद भरून देणारा, रक्ताची सोय करणारा माणूस. ते काम मोठेच आहे, पण वेगळे आहे. ‘ॲडव्होकेट’ तसाच ठेवला तर वाचक त्याला वकील समजेल. ‘रुग्णकैवारी’ अर्थाला जवळ आहे, पण कैवार घेण्यात भांडणाचा सूर येतो, आणि नुसते ‘प्रतिनिधी’ म्हटले की कोणीतरी निवडून दिल्यासारखे वाटते. हे सदस्य बहुधा स्वतः कर्करोगातून गेलेले असतात किंवा त्यांनी घरच्या माणसाची शुश्रूषा केलेली असते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘रुग्णांची बाजू मांडणारे अनुभवी सदस्य’ असे लिहून पुढे ‘रुग्णप्रतिनिधी’ वापरावे.

त्यांचे काम दाखवायला ‘रँडमायझेशन’चे, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळेल हे निवडीविना ठरवण्याचे, उदाहरण घ्यावे. स्तनाच्या कर्करोगात पूर्ण स्तन काढावा की फक्त गाठ, हे पाहणारी ‘बी-०६’ ही अमेरिकी चाचणी १९७६ साली सुरू झाली, तेव्हा नावनोंदणी रेंगाळली, कारण इतका खाजगी निर्णय नशिबावर सोडायला स्त्रिया आणि शल्यविशारद दोघेही कचरत होते. अखेर नोंदणीची पद्धतच बदलावी लागली. स्त्री अशी वाटणी स्वीकारेल का, रुग्णालयात किती फेऱ्या मारील, जादा बायॉप्सीला हो म्हणेल का, हे आज रुग्णप्रतिनिधी प्राथमिक प्रस्तावावरच विचारू शकतात. ‘यादृच्छिक’ हा परिभाषेतला शब्द कंसाबाहेर एकदा द्यावा आणि लगेच ‘म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या निवडीविना’ असे उलगडावे. नुसते ‘चिठ्ठी टाकून’ मात्र लिहू नये, कारण त्यात निष्काळजीपणा ध्वनित होतो. कोणता उपचार अधिक चांगला हे खरोखरच माहीत नसते तेव्हाच अशी वाटणी करता येते, हे वाक्य त्याला जोडूनच यायला हवे.

मूळ प्रश्नकर्ता

‘रुग्णांवर’ माझ्या मसुद्यात अकरा ठिकाणी होते. सगळीकडे बदलले. ‘भरती’ दोनदा होती, तीही काढली.