वड्याचं तेल वांग्यावर : तुमचा राग कुठे निघतो?

धरमपेठ, नागपूर
मे महिना, कामाचा डोंगर. साहेबांनी चारचौघांत झापलं, मी मान खाली घालून 'हो सर' म्हटलं. घरी आले तर कूलरमध्ये पाणी भरताना लेकीच्या हातून बादली सांडली. मी तिच्यावर केवढ्यांदा ओरडले! ती रडली नाही. फडकं आणून मुकाट्याने फरशी पुसू लागली. साहेबांपुढे मीही अशीच उभी होते.

मानसशास्त्रात याला विस्थापन म्हणतात. ज्याच्यामुळे राग आला त्याच्यासमोर तो काढता येत नाही, मग जिथे धोका नाही तिथे तो निघतो. येल विद्यापीठातल्या जॉन डॉलर्ड आणि सहकाऱ्यांनी 1939 मध्ये हे मांडलं होतं. तुमच्याकडे काय होतं? मोकळेपणाने लिहा.

हिंगणा एमआयडीसी
आमच्याकडे मॅनेजर सुपरवायझरवर, सुपरवायझर माझ्यावर आणि मी हेल्परवर. हेल्पर तेव्हा काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला, "भाऊ, कामावर काही झालं का जी? घरी लेकराले मारते." मला रात्रभर झोप नाही. आता टार्गेट चुकलं की आधी पाणी पितो, शेडमागे एक चक्कर मारतो, मगच कोणाशी बोलतो. रोज जमतंच असं नाही.

इतवारी
दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसतो. घरच्यांच्या वाट्याला ते हसू फारसं आलं नाही.

खामला
सासूबाई भांडी आपटायच्या. मला वाटायचं, राग माझ्यावरच आहे. मग लक्षात आलं, नणंदेचा रविवारचा फोन बंद झाल्यापासून हे सुरू झालंय. मी नणंदेला गुपचूप कळवलं. पुढच्या रविवारी फोन आला, आणि संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःहून माझ्यासाठी चहा टाकला.

महाल
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे गावातली इडा-पीडा सोबत घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे. अख्खं शहर आपला राग बांबू-कागदावर काढतं, त्यात कोणाची पाठ दुखत नाही, म्हणून मला ही रीत फार शहाणी वाटते. मी पाच-सहा वर्षांचा होतो. गर्दीत 'घेऊन जा गे मारबत' चाललं होतं. आजीने विचारलं, "तुझं काय पाठवू रे?" मी म्हटलं, "बाबांचं ओरडणं."

मी बाबांच्याच खांद्यावर बसलो होतो. ते काही बोलले नाहीत. माझे पाय तेवढे घट्ट धरले.